त्रुटी सापडली, आता ती दुरुस्त करणार कोण?

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद. सायबर सुरक्षेत काम करायचंय म्हणतोस, ते तुझं पत्र मिळालं. आधी पायथॉन की आधी नेटवर्किंग, कोणतं सर्टिफिकेट करू, बंगळूरला जाऊ की गोव्यातच राहू, सगळं एका दमात विचारलंयस. उत्तरं देते. पण तुझ्या पत्रात जे कुठेच आलेलं नाही, ते आधी लिहिते.

कॉलेजच्या स्पर्धांमध्ये इतरांना न दिसलेली, सिस्टमच्या सुरक्षेतली त्रुटी तुला दिसते. याचं मला मनापासून कौतुक आहे. नोकरीत मात्र त्रुटी सापडली की तिथून पुढे खरं काम सुरू होतं. ती दुरुस्त व्हावी लागते, आणि ती दुरुस्ती बहुतेक वेळा तुझ्या हातात नसते. ती डेव्हलपरच्या हातात असते, नेटवर्कवाल्याच्या, कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या माणसाच्या, हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात असते. त्यांच्याकडून ते काम होईल असं बघण्याचा पगार आपल्याला मिळतो.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या लॅबमध्ये एचपीएलसी नावाचं यंत्र असतं. गोळीत औषध किती आणि अशुद्धी किती, ते त्याच्यावर मोजतात. त्याला जोडलेला कॉम्प्युटर कित्येकदा अजून विंडोज ७ वर चालतो. मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबवले. त्रुटी शोधणारा स्कॅनर चालवलास की हे मशीन लाल रंगात यादीत सगळ्यात वर येणार. नवीन इंजिनिअर ‘तातडीने अपग्रेड करा’ असं लिहून मोकळा होतो. लॅबच्या प्रमुख बाई ते वाचतात आणि बाजूला ठेवतात. मी त्यांच्या बाजूची आहे. यंत्राचं सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर व्हॅलिडेट झालेलं, म्हणजे नीट चालतं असं कागदोपत्री सिद्ध केलेलं असतं. ते बदलायचं तर चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाच्या मंजुरीचं प्रकरण, उघडा, व्हॅलिडेशन पुन्हा करा, सगळे कागद नव्याने करा, आणि तोवर त्या यंत्रावरची तपासणी बंद. म्हणजे बॅच अडकली. शिवाय परदेशी नियामकाचा इन्स्पेक्टर येतो तेव्हा नेमके हेच कागद मागतो.

अशा वेळी लॅबमध्ये जाऊन थोडा वेळ नुसता बस. निकालाची फाइल पेन ड्राइव्हवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जाते, हे तुला दिसेल. का, असं विचारलंस तर कळेल की शेअर्ड फोल्डर सारखा तुटतो. आता तू थेट यूएसबी बंद केलंस तर त्यांचं काम अडेल आणि ते तुला न सांगता दुसरी वाट शोधतील. म्हणून आधी तो फोल्डर धड चालेल असं कर. मग मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, घाल, फायरवॉलमधून फक्त निकालांच्या सर्व्हरकडे जाणारी वाट उघडी ठेव, इंटरनेट आणि मेल तोडून टाक. डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून दुसऱ्या जागी ठेव, आणि ती परत चढते का ते एकदा करून बघ. यूएसबी सगळ्यात शेवटी. यालाही चेंज कंट्रोल लागतोच, पण यंत्राच्या सॉफ्टवेअरला हात लागत नसल्याने तो लवकर मार्गी लागतो. विंडोज जुनंच राहिलं, धोका मात्र खूप कमी झाला. आणि लॅबमध्ये नवं यंत्र यायचं असेल तेव्हा त्या बाई आपणहून तुला फोन करतील. तो फोन मला कुठल्याही टूलपेक्षा मोलाचा वाटतो.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम (रॅन्समवेअर) जगभर पसरला. तो ज्या त्रुटीतून शिरला तिचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, पण पुष्कळ मशीनवर तो चढवलेलाच नव्हता. ‘आत्ता मशीन बंद करता येणार नाही’ हे वाक्य तुला आयुष्यभर ऐकावं लागेल. त्याचा राग येऊ देऊ नकोस. कधी बंद करता येईल, ते विचार आणि तारीख घे.

आता रिपोर्ट. ‘ॲक्सेस कंट्रोलमध्ये गंभीर त्रुटी, तीव्रता उच्च, योग्य ती उपाययोजना करावी’ एवढ्यावर डेव्हलपर काय करणार बिचारा? असं लिही: ‘टेस्ट खात्याने लॉगिन केलं. माझ्या बुकिंगचा क्रमांक ४४१७. ॲड्रेस बारमध्ये त्या जागी ४४१६ घातल्यावर दुसऱ्या टेस्ट खात्याचं नाव, फोन आणि पासपोर्टची प्रत उघडली. सर्व्हर लॉगिन तपासतो, पण ते बुकिंग त्याच खात्याचं आहे का, ते तपासत नाही. क्वेरीत खात्याचा आयडी जोडावा. दुरुस्तीनंतर हीच लिंक उघडल्यावर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, यायला हवं.’ हे वाचून माणूस लगेच कामाला लागतो. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या टॉप टेन धोक्यांमध्ये ॲक्सेस कंट्रोलचा, म्हणजे कुणाला काय दिसावं याचा, हाच वर्ग पहिल्या क्रमांकावर आहे, तेव्हा असले रिपोर्ट तुला भरपूर लिहावे लागतील.

उदाहरण पासपोर्टचं घेतलं ते मुद्दाम. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याला त्याची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते. त्यामुळे कळंगुटपासून पाळोळेपर्यंत लहानसहान गेस्ट हाउसच्या लॅपटॉपवर आणि मालकाच्या व्हॉट्सॲपमध्ये पासपोर्टचे फोटो साठून असतात. भारतीय पाहुण्यांच्या आधारच्या प्रती वेगळ्याच. अशा ठिकाणी गेलास तर फायरवॉल विकायच्या आधी दोन गोष्टी विचार: हे फोटो किती दिवस ठेवता, आणि पुसतं कोण? शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार असतं, हेही सांग. पुष्कळांच्या ते गावीही नसतं.

माणसं चूक सांगायला तुझ्याकडे किती लवकर येतात, यावर फार काही अवलंबून असतं. एका कंपनीतली घटना सांगते. अकाउंट्समधल्या एक बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘काल एका लिंकवर मी पासवर्ड टाकला. आणि आज सकाळपासून एका सप्लायरच्या मेल येत नाहीत.’ त्यांच्या मेलबॉक्सचे नियम उघडले. एक नियम होता, नाव नुसता एक टिंब. ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेली प्रत्येक मेल वाचली म्हणून खूण करून ‘आरएसएस फीड्स’ या फोल्डरात टाकायची, असा तो नियम. त्या फोल्डरात कोण कशाला डोकावतंय? तिथे सप्लायरच्या खऱ्या मेल पडून होत्या, आणि इनबॉक्समध्ये एका अक्षराचा फरक असलेल्या पत्त्यावरून ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असं आलेलं होतं. पैसे त्याच संध्याकाळी जायचे होते. नियम काढला, सगळी सेशन्स तोडली, पासवर्ड बदलला, दुसरा फॅक्टर, म्हणजे पासवर्डच्या जोडीला ओळखीचा आणखी एक पुरावा, लावला, आणि सप्लायरला जुन्या, ओळखीच्या नंबरवर फोन केला. पैसे वाचले.

त्या बाई आल्या, कारण त्यांच्याआधी लिंकवर क्लिक केलेल्या मुलाला कुणी ओरडलेलं नव्हतं, उलट सांगितल्याबद्दल त्याचे सगळ्यांसमोर आभार मानले होते. फिशिंगची, म्हणजे फसव्या लिंकची, चाचणी घेऊन फसलेल्यांची नावं मेलवर फिरवणाऱ्या कंपन्या आहेत. तू ते करू नकोस, आणि कुणी करायला सांगितलं तर विरोध कर. पैसे गेलेच असतील तर त्या क्षणी बँक आणि सायबर फसवणुकीची १९३० हेल्पलाइन. खाती गोठवायला मिळणारा वेळ फार थोडा असतो.

कायद्याचं थोडक्यात. लेखी परवानगीशिवाय कुणाच्या सिस्टमला हात लावायचा नाही, हेतू कितीही चांगला असो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सहज चालता चालता काही दिसलंच तर तिथेच थांब. आणखी नोंदी उघडून बघायच्या नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळव, त्यासाठी त्यांची रीतसर व्यवस्था आहे.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे सिस्टममध्ये काय कधी घडलं त्याच्या नोंदी, ठेवावे लागतात. सर्व्हरची घड्याळं एकसारखी लावून ठेवावीत, असंही त्यात आहे. हे क्षुल्लक वाटेल, पण एक लॉग सात मिनिटं पुढे आणि दुसरा मागे असला की आधी काय घडलं तेच ठरवता येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, आपल्या गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेखीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आलं. नद्यांवरच्या केंद्रांकडून येणारी माहिती एन्क्रिप्ट झाली आणि क्रिप्टोमध्ये खंडणी मागितली गेली. अँटिव्हायरस नव्हता, फायरवॉल जुनाट होता, असं तेव्हा छापून आलं. डिचोलीत नदीला पाणी चढतं म्हणजे काय, हे तुझ्या घरच्यांना मी सांगायला नको. म्हणून सर्व्हर म्हटला की आधी हे विचारावं: याची माहिती आज गेली तर उद्या कुणाचं काय अडेल?

आता तुझे प्रश्न. नेटवर्किंग आणि लिनक्स आधी, पायथॉन त्यांच्या जोडीने. घरच्या लॅपटॉपवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारे वेगळे कॉम्प्युटर, उभी कर, एकावरून दुसऱ्यावर हल्ला कर, आणि मग त्याच हल्ल्याच्या खुणा लॉगमध्ये शोध. मुलं पहिलं करतात आणि दुसरं सोडून देतात. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून शिरायला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खोदत गेला आणि एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीत लपवलेला बॅकडोर, म्हणजे चोरदरवाजा, सापडला. रोजचा वेळ किती लागतो हे माहीत होतं म्हणून त्याला तो फरक खटकला. वेब सुरक्षेसाठी पोर्टस्विगर कंपनीची ऑनलाइन ॲकॅडमी मोफत आहे, ती पुरी कर. सीआयएसएसपी या सर्टिफिकेटचा विचार आत्ता नको, त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो. नलकॉन ही सायबर सुरक्षेची परिषद २०१० पासून गोव्यात भरत आली आहे. तिकीट परवडत नसेल तर स्वयंसेवक म्हणून जाता येतं का ते विचारून बघ.

बंगळूर की गोवा? जिथे कुणी अनुभवी माणूस शेजारी बसून तुझा रिपोर्ट वाचेल आणि खोडेल, तिथे पहिली दोन-तीन वर्षं काढ. मोठ्या सोकमध्ये, म्हणजे हल्ल्यांवर सतत नजर ठेवणाऱ्या केंद्रात, शिफ्ट केलीस तर नाना तऱ्हेचे अलर्ट बघायला मिळतील. गोव्यातल्या छोट्या कंपनीत बॅकअपपासून ऑडिटपर्यंत सगळं अंगावर येतं. तेही शिक्षणच, पण शिकवायला कुणी नसेल तर चुकीच्या सवयी पक्क्या होतात. बाबांना सरकारी नोकरी हवी आहे, हे मला ठाऊक आहे. सरकारी खात्यांना या कामाची माणसं हवीच आहेत, तेव्हा तो रस्ता आत्ताच बंद करू नकोस.

तोवर एक काम दे म्हणालास, ते असं. बाबांच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिन आणि मेलचा दुसरा फॅक्टर चालू करून घे. सेटिंग तू करायचं नाही. ते का हवं ते त्यांना पटवायचं, आणि बटणं त्यांनी दाबायची. त्यांनी कुठे हरकत घेतली आणि तू काय उत्तर दिलंस, ते मला रिपोर्टसारखं लिहून पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी