शाळेला धीर देते, पण घरी आल्यावर मीच थरथरते

प्रश्न: ताई, मी ऐरोलीत राहते, स्कूल कौन्सेलर आहे, ठाणे-नवी मुंबईतल्या चार-पाच शाळा बघते. दिवाळीनंतर एका शाळेतल्या दहावीच्या मुलाने आत्महत्या केली. आठवडाभर मी तिथेच, मुलं, टीचर्स, पालक सगळ्यांशी एकटी बोलत होते. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मॅडम त्याच्या नंबरवर आल्या आणि थांबल्या, अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. दीड महिना झाला तरी ते डोळ्यासमोरून जात नाही. झोप लागत नाही, माझा मुलगा क्लासवरून जरा लेट झाला तरी हातपाय गार पडतात, प्रिन्सिपलचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. मिस्टर म्हणतात तू तर याचंच शिक्षण घेतलंयस, एवढं काय मनाला लावून घेतेस. मी या कामाला लायकच नाही का? सोडून देऊ?

उत्तर: अगं, लायक नसतीस तर आठवडाभर तिथे उभी राहिली नसतीस, तेव्हा हे आधी डोक्यातून काढ. तुला होतंय त्याला सेकंडरी ट्रॉमॅटिक स्ट्रेस म्हणतात. ज्यांच्यावर प्रसंग आलाय त्यांचं ऐकून ऐकून ऐकणाऱ्यालाही तसाच त्रास सुरू होतो, तोच सीन परत परत दिसतो, झोप उडते, सारखी धास्ती वाटते, फोनसुद्धा नकोसा होतो. चार्ल्स फिग्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकातच मदत करणाऱ्यांच्या या त्रासावर लिहिलंय आणि 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, तर कामामुळे असे भयंकर तपशील वारंवार कानावर पडणं हेसुद्धा पीटीएसडीच्या, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराच्या, निकषात घेतलंय. तुला तेच झालंय असं मी म्हणत नाहीये, पत्रावरून ते ठरवता येत नाही. पण मिस्टरांना सांग, डेंग्यूवर उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही डेंग्यू होतो.

आणि शाळेतलं हे काम क्लिनिकपेक्षा खूप वेगळं असतं हे लोकांना कळतच नाही. क्लिनिकमध्ये एक माणूस, एक तास, दार बंद. शाळेत अख्खी बिल्डिंग अंगावर येते, एक सर कॉरिडॉरमध्ये रडतायत, ट्रस्टींना शाळेच्या नावाची काळजी, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसत्या अफवा, रिकाम्या बाकाचं काय करायचं हेही तुलाच विचारणार. त्या वर्गात सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं, तू कुणाकडे बघायचंस? मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त हेच खुपलं.

म्हणून यापुढे एकटीने जायचं नाही. इंग्लंडमध्ये शाळेत असं काही घडलं की तिथल्या स्थानिक कौन्सिलचे एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट जातात, ते शक्यतो जोडीने जातात आणि नंतर सीनियरसोबत बसून त्यावर बोलतात, त्याला सुपरविजन म्हणतात आणि ते कामाचाच भाग धरलं जातं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलं की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत क्वालिफाइड कौन्सेलर हवाच, छानच झालं, पण त्या कौन्सेलरला कोण सांभाळणार याचा विचार शाळांनी केलाय असं मला तरी दिसत नाही. तू शेजारच्या शाळेतली एखादी कौन्सेलर गाठ आणि दोघींनी एकमेकींना शब्द द्या. सुपरविजनसाठी एक सीनियर ठरव, महिन्याची तारीख फिक्स कर, आणि शाळेकडे त्याचे पैसे माग, लाजू नकोस. पहिल्याच भेटीत हजेरीचा प्रसंग जसा घडला तसा सांग.

शाळा तुला म्हणेल, सगळ्यांना हॉलमध्ये बसवून एक सेशन घेऊन टाका. सरळ नाही म्हण. सगळ्यांकडून एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो असं संशोधनात दिसलंय. डब्ल्यूएचओच्या 2011 च्या सायकॉलॉजिकल फर्स्ट एडच्या, म्हणजे मनाच्या प्रथमोपचाराच्या, गाइडमध्ये परिस्थिती बघा, ऐकून घ्या आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या, एवढंच मागितलंय. तेवढंच करायचं असतं तेव्हा तुझ्यावरचा भारही कमी होतो.

त्याच गाइडमध्ये मदत करणाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे, त्यात लिहिलंय की झोप नाही, तेच तेच आठवतंय असं महिन्याच्या वर चाललं तर डॉक्टरांना किंवा मेंटल हेल्थवाल्यांना भेटा. तुझा दीड महिना झालाय. तेव्हा याच आठवड्यात अपॉइंटमेंट घे, आणि तोवर रात्री जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. कौन्सेलरने कौन्सेलरकडे जाण्यात काही कमीपणा नाही.

घरीही बोल. शाळेतल्या त्या मुलाचं नाव, त्याच्या घरचं काही सांगायचं नाही हे तुला मी शिकवायला नको, पण तुझी झोप, तुझी भीती ही तर तुझीच आहे ना, ती सांगायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही.

नोकरीचं आत्ता काहीच ठरवू नकोस, झोप ताळ्यावर आल्यावर बघू. सोडावीशी वाटली तर खुशाल सोड, त्यात हरणं नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, तेव्हा शाळांचे फोन वाढणार, म्हणून जानेवारीतच सगळ्या प्रिन्सिपलना एक मेल टाक की पुढचे तीन महिने इमर्जन्सी कॉलवर मी येणार नाही, माझ्याऐवजी कोण येईल ते आपण आत्ताच ठरवू. मेल लिहायला जमत नसेल तर मला कळव, दोघी मिळून लिहू.