नवीन आधार काढायला नेण्याआधी हे वाचा

ताई, तुमचे मामा तीन महिने स्टेशनबाहेर झोपतायत, निवारा केंद्रासाठी आधार मागितलं, ते हरवलंय, म्हणून सोमवारी नवीन काढायला नेणार, एवढं वाचलं आणि पोटात गोळा आला. आम्ही अगदी हेच केलं होतं. पाच महिने गेले, त्यात अख्खा पावसाळा.

माझा थोरला भाऊ आचारी. बार्शीहून पुण्यात आला, हॉटेलं बदलत राहिला, वहिनी गेल्यावर दारू वाढली आणि खोली सुटली. आम्हाला सापडला तेव्हा एका बंद दुकानाच्या फळीवर झोपत होता. स्वतःच्या घरी का नाही नेलं, असं कुणी विचारू नका. दोनदा नेलं होतं.

तर निवाऱ्यात जागा मिळावी म्हणून एका कार्यालयात गेलो (नाव लिहीत नाही). खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "आधार हरवलं ना, मग नवीन काढून आणा, नंतर बघू." आणि आम्ही शहाणे, गेलो काढायला. ज्याचं एकदा आधार निघालंय त्याचं दुसरं निघत नाही हो! ठसे आणि बुबुळं जुन्या नोंदीशी जुळली की अर्ज बाद. पण हे तिथल्या तिथे कळत नाही. पावती हातात घेऊन वाट बघायची, मग कळतं. कुणीतरी म्हणालं ऑपरेटर चुकला असेल, परत भरा. परत भरला. परत बाद. तोपर्यंत दादाच्या पायाला चिखल्या झालेल्या आणि तो मलाच म्हणायचा, "तू नको गं धावू, मी आहे बरा."

तिसऱ्या खेपेला आधार केंद्रातल्या पोराने दादालाच विचारलं, "काका, आधी कधी अंगठा दिला होता का?" दादा म्हणाला, "हो की, गावाकडे." मी कपाळावर हात मारला. हरवलेला नंबर केंद्रात ठसे देऊन शोधता येतो, फक्त नाव, पिनकोड वगैरे तेव्हा लिहिलेलंच सांगावं लागतं. आम्ही पुण्याचा ४११ वाला पिन सांगत होतो, म्हणून जुळेना. बार्शीचा, ४१३ ने सुरू होणारा, सांगितला. भट्टीपुढे राबून दादाची बोटं गुळगुळीत, यंत्र ठसा घेईना. मग बुबुळावर काम झालं आणि कागद हातात आला.

खरी चीड पुढे आली. ओळखीच्या एका कार्यकर्तीने रात्री आठ वाजता थेट निवारा केंद्रात नेलं. तिथल्या व्यवस्थापकाने रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, फोटो काढला, चादर दिली. आधार मागितलंच नाही. ते माझ्या पर्समध्येच राहिलं.

मी वकील नाही, तुमच्या शहरात वेगळा अनुभव येऊ शकतो. पण शहरी बेघरांच्या योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना मी नंतर वाचल्या. दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असावी असं त्यात आहे. (आहे का, ते आपापल्या शहरात मोजा.) आणि राहायला आलेल्यांना ओळखपत्र, रेशन, बँक खातं मिळवून देणं हे निवाऱ्याचंच काम म्हटलंय. म्हणजे जे आत गेल्यावर मिळायचं, तेच आम्हाला दारात मागत होते. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर आधारवर पत्त्याचा पुरावा म्हणून तो चालतोसुद्धा. खिडकीतल्या बाईंना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: आधी जागा, कागद मागाहून. महापालिकेत योजनेचं नाव घेऊन विचारू नका, नावं बदलत असतात. "बेघर निवारा कोण बघतं" एवढंच विचारा, केंद्रांचे पत्ते घ्या आणि संध्याकाळी स्वतः जा. दुपारी गेलात तर व्यवस्थापक भेटेलच असं नाही. मामा प्यायलेले असतील तर त्या दिवशी नेऊ नका, दारातून परत पाठवतात, आणि मग माणूस पुन्हा यायला तयार होत नाही. आमच्या इथे कपाटं नव्हती, त्यामुळे पैसे आणि मूळ कागद मी माझ्याकडेच ठेवले.

तब्येत बिघडलीय असं तुम्ही लिहिलंय. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, केसपेपर काढताना त्यांना भेटा. आम्हाला सगळ्यात जास्त मदत तिथेच झाली. मामा साठीच्या पुढचे असतील तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही लावून बघा. मतदार यादीचं विचाराल तर बेघरांना पत्त्याचा कागद लागत नाही, बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा त्या भागातला कर्मचारी) रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो. पण ते सगळं नंतर.

सोमवारी जायचंच असेल तर "हरवलेला नंबर शोधायचाय" असं म्हणा, "नवीन" हा शब्दच काढू नका. आणि मामांचं पहिलं आधार कुठल्या गावी निघालं होतं, तेव्हा नाव कसं लिहिलं होतं, ते त्यांनाच विचारून घ्या. आम्ही दादाला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं होतं.