वाचकांचे प्रश्न : बॅज नोंद ठेवतो, रक्षण करत नाही

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. लहान मुलांच्या छातीचा एक्स-रे काढताना मूल स्थिर राहत नाही, म्हणून दर वेळी मलाच त्याला धरायला सांगतात आणि बटण वॉर्डबॉय दाबतो. शिशाचा एप्रन एकच आहे. ‘बॅज लावला आहे ना, मग काळजी कशाला?’ असे व्यवस्थापक म्हणतात. हे योग्य आहे का?
(एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : हे योग्य नाही. व्यवस्थापकांच्या म्हणण्यातील गैरसमज फार ठिकाणी आढळतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. आपल्या टीएलडी बॅजमध्ये (अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला) डिस्प्रोशिअम मिसळलेल्या कॅल्शिअम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्यांच्यावर पडलेल्या किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात, आणि तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत त्या तापवल्या की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. त्या प्रकाशावरून मात्रा ठरते. म्हणजे एप्रिलमध्ये आपल्या शरीराला मिळालेली मात्रा लवकरात लवकर जुलैमध्ये कळणार. विजेचे मीटर जसे कोणाला शॉकपासून वाचवत नाही, तसा हा बॅज एकही किरण अडवत नाही.

शिवाय बॅजची नोंद खरी ठरायची तर तो एप्रनच्या आत, छातीच्या उंचीवर लावायला हवा. अनेक ठिकाणी तो एप्रनलाच टाचलेला असतो आणि एप्रन एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर टांगलेला असतो. मग दिवसभर मात्रा मोजली जाते ती खुंटीची. तुलनेसाठी दिलेला कंट्रोल बॅजही किरणांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावा लागतो.

आता मूल धरण्याविषयी. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार किरणांजवळ काम करणाऱ्या व्यक्तीला सलग 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. साध्या एक्स-रे विभागात काम नीट चालत असेल तर प्रत्यक्ष मात्रा याच्या बरीच खाली राहते, त्यामुळे भिऊन नोकरी सोडण्याचे कारण नाही. मात्र ही मर्यादा म्हणजे वापरून टाकण्याचा कोटा नव्हे; टाळता येण्याजोगी मात्रा टाळायचीच असते. रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेल्या किरणांची तीव्रता एक मीटर अंतरावर मूळ झोताच्या साधारण हजाराव्या भागाइतकी असते, दोन मीटरवर ती त्याच्याही चौथ्या भागावर येते आणि तीन मीटरवर नवव्या भागावर. नियंत्रण पॅनेलपाशी, शिसेयुक्त काचेच्या आडोशामागे उभे राहण्यात जे संरक्षण आहे, ते मुलाला धरून उभे राहताना आपण पूर्णपणे गमावता. एप्रन विखुरलेल्या किरणांसाठी असतो, थेट झोतासाठी नाही, आणि मूल धरणाऱ्याचे हात बहुधा त्या झोतातच येतात. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील क्लॅरन्स डॅली हे क्ष-किरण नळ्यांच्या चाचण्यांसाठी स्वतःचे हात वारंवार झोतात धरत असत. जखमा बऱ्या होईनात, हात कापावे लागले आणि 1904 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. आपली मात्रा त्यांच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे, पण रोज तोच माणूस आणि तेच हात झोताजवळ येत असतील, तर ती साठत जाते.

म्हणून आधी वाळूच्या पिशव्या, पट्टे आणि शक्य तितका कमी एक्सपोजर-वेळ यांचा उपयोग करावा. तरीही धरावे लागले तर मुलाच्या सोबतच्या प्रौढ नातेवाइकाने एप्रन घालून, हात झोताबाहेर ठेवून धरावे. ती व्यक्ती गर्भवती किंवा 18 वर्षांखालील नसावी. त्या नातेवाइकाला हे क्वचितच करावे लागते, आपल्याला रोज. बटण प्रशिक्षित व्यक्तीनेच दाबायला हवे. ही तक्रार आपल्या संस्थेच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि आपल्या मात्रेच्या नोंदीही मागून घ्या. साधने पुरवणे हे मालकाचे काम आहे, त्यासाठी आपण संकोच बाळगू नये.

प्रश्न : मी हाडांच्या शस्त्रक्रियांमध्ये परिचारिका आहे. सी-आर्म (शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे चित्र दाखवणारे यंत्र) चालू असताना कुठे उभे राहावे?
(एक भगिनी, पुणे)

उत्तर : किरण सोडणारी ट्यूब टेबलाखाली आणि ते टिपणारा डिटेक्टर वर, रुग्णाच्या शक्य तितका जवळ, अशी मांडणी असावी. विखुरलेले किरण ट्यूबच्या बाजूला सर्वाधिक असतात; त्यामुळे सी-आर्म आडवा फिरवल्यावर डिटेक्टरच्या बाजूला उभे राहा. केवळ पुढून झाकणारा एप्रन घालून उपकरणांच्या टेबलाकडे वळलात तर पाठ उघडी पडते, ही गोष्ट परिचारिकांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्यासाठी गुंडाळता येणारा एप्रन अधिक चांगला. गळा झाकणारी थायरॉइड कॉलर लावावी. डोळ्यांकडेही दुर्लक्ष नको, कारण मोतीबिंदूचा धोका ध्यानात घेऊन आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने 2011 मध्ये नेत्रभिंगासाठीची वार्षिक मर्यादा 150 वरून 20 मिलिसिव्हर्टवर आणण्याची शिफारस केली. किरण सुरू करणारे पॅडल दाबण्यापूर्वी शल्यविशारदांनी एकदा सांगितले तर सर्वांना एक पाऊल मागे घेता येते. अशी सवय लावण्याची विनंती आपण निःसंकोच करावी. एप्रनची घडी घालू नका, हँगरवर टांगा. घडीमुळे आतील शिशाच्या थराला भेगा पडतात आणि त्या वरून दिसत नाहीत.

प्रश्न : मी तंत्रज्ञ आहे आणि गर्भवती आहे. रजा घ्यावी का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : केवळ या कारणासाठी घेण्याची गरज नाही. मात्र आपण ही गोष्ट लगेच लेखी कळवा, कारण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळू न देण्याची जबाबदारी संस्थेवर येते. आडोशामागून करायचे काम सहसा चालू ठेवता येते. सी-आर्म, वॉर्डातील पोर्टेबल एक्स-रे आणि रुग्णाला धरणे ही कामे दुसऱ्यांकडे सोपवावीत. गर्भवती असल्याचे कळवल्यामुळे कामावरून कमी करणे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांना धरून नाही.

प्रश्न : मशिन बंद केल्यावरही खोलीत किरण राहतात का?
(एक सफाई कर्मचारी, मुंबई)

उत्तर : नाही. ट्यूबचा वीजपुरवठा थांबताच किरण थांबतात. भिंत, गादी, कॅसेट किंवा रुग्ण यांपैकी काहीही किरणोत्सर्गी होत नाही. आपण निर्धास्तपणे खोली पुसावी. दारावरचा लाल दिवा लागलेला असताना मात्र दार उघडू नये, आणि तो दिवा बिघडलेला असेल तर त्याच दिवशी विभागप्रमुखांना सांगावे.