इतवारीत उधारीवर चालणारे दुकान आहे, दोन मुले लहान आहेत; बचतीसाठी विमा एजंट सुचवतो ती पॉलिसी घ्यावी का?

माझे स्पष्ट मत असे आहे की विमा आणि बचत एकाच पॉलिसीत गुंतवू नयेत, कारण मुदतीअंती पैसे परत देणाऱ्या पॉलिसीत हप्ता मोठा असतो आणि विमासंरक्षण मात्र तुटपुंजे मिळते. आधी वार्षिक उत्पन्नाच्या दहा ते पंधरा पट रकमेचा टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा निव्वळ विमा, घ्यावा.

तुमचा व्यवसाय उधारीवर चालतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी व मुलांच्या नावे पॉलिसी घेतली, तर ती रक्कम त्याच्या मालमत्तेत धरली जात नाही, आणि घेणेकऱ्यांना फसवण्याच्या हेतूने हप्ते भरल्याचे सिद्ध झाल्याखेरीज त्यांना त्या पैशांवर हक्क सांगता येत नाही. मात्र हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो. नुसते नॉमिनी नेमून हे संरक्षण मिळत नाही. तंबाखूचे व्यसन किंवा मधुमेह असल्यास अर्जात लपवू नये, कारण पहिल्या तीन वर्षांत दावा फेटाळला जाण्याचा धोका त्यामुळे वाढतो. अर्ज एजंटाकडून भरून न घेता स्वतः वाचून भरावा.

उरलेल्या रकमेसाठी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सरकारी बचत योजना) उत्तम आहे: मुदत 15 वर्षे, वार्षिक मर्यादा दीड लाख रुपये. दरमहा भरणार असाल तर 5 तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेवरचे त्या महिन्याचे व्याज बुडते. दिवाळीच्या हंगामातल्या कमाईतून सहा महिन्यांचा घरखर्च मात्र दुकानाच्या खात्याबाहेर, पत्नीलाही काढता येईल अशा संयुक्त खात्यात ठेवावा.