जुन्या एमजीबीला वापरलेली अलॉय व्हील्स नागपुरातच दुरुस्त करून बसवता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १९७४ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, तिच्यावर मूळची स्टीलची रोस्टाइल चाके आहेत, मुंबईहून आठ आऱ्यांची चार जुनी १४ इंची अलॉय व्हील्स मिळाली आहेत, आणि येथील एक पावडर कोटिंगवाला ती दोन दिवसांत नव्यासारखी करून देण्यास तयार आहे. चाके त्याच्याकडे द्यावीत का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की आज देऊ नयेत. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी लहानसे मशीन शॉप चालवतो आणि जुन्या गाड्यांची चाके, हब आणि ड्रम यांची कामे माझ्याकडे येत असतात. त्या अनुभवावरून सांगतो की जुन्या अलॉय व्हीलचा रंग हे सर्वांत शेवटचे काम आहे. चाक गाडीला बसते का आणि त्याचा धातू अजून विश्वासाचा आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळण्यापूर्वी त्यावर खर्च केला, तर पुढे ते चाक नाकारण्याची वेळ आली तरी मन तयार होत नाही आणि सदोष चाक गाडीवर चढते.

सर्वप्रथम चाक कोणत्या धातूचे आहे ते पाहावे. आठ आऱ्यांचा हा घाट मिनिलाइट चाकांमुळे प्रसिद्ध झाला. साठच्या दशकात बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, मिनी आणि एमजी बनवणारी कंपनी) रॅली संघाच्या मिनी कूपर गाड्यांवर ही चाके असत आणि ती मूळची मॅग्नेशियमची होती. पुढे त्याच घाटाची ॲल्युमिनियमची चाके मोठ्या प्रमाणावर निघाली आणि तुमची चाकेही बहुधा त्यांतलीच असतील, परंतु खात्री करून घ्यावी. आतल्या बाजूस नखाएवढी जागा खरवडून उघड्या धातूवर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाकावा. लगेच बुडबुडे येऊ लागले तर चाक मॅग्नेशियमचे आहे आणि थेंब शांत राहिला तर ॲल्युमिनियमचे. मॅग्नेशियम निघाल्यास ते चाक घासण्यासाठी कोणाच्याही हाती देऊ नये, कारण त्याची बारीक पूड पेट घेते आणि त्या आगीवर पाणी टाकले तर ती अधिक भडकते. इतके जुने मॅग्नेशियमचे चाक मी रस्त्यावरच्या गाडीला बसवू देणार नाही. ते भिंतीवर टांगून ठेवावे.

दुसरी पायरी मोजमापाची. नटांच्या छिद्रांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. रोस्टाइल चाके असलेल्या एमजीबीचा पीसीडी चार छिद्रांचा, साडेचार इंचांचा म्हणजे ११४.३ मिलिमीटरचा असतो. चार छिद्रांच्या चाकात तो मोजणे सोपे आहे: समोरासमोरच्या दोन छिद्रांपैकी एकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर व्हर्नियरने घ्यावे. आपल्या बाजारातील अनेक लहान गाड्यांची अलॉय १०० मिलिमीटरची आणि फोर्ड आयकॉनसारख्या गाड्यांची १०८ मिलिमीटरची असतात. त्यांपैकी १०८ची चाके फसवी ठरतात, कारण छिद्र थोडे मोठे केले की ती स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसणाऱ्या आटेदार खुंट्यांवर) चढतात आणि नटही आवळला जातो. असे चाक मध्यावर बसत नाही, नट तिरका टेकतो आणि स्टडवर सतत वाकवणारा भार येत राहतो. छिद्रे कानशीने किंवा ड्रिलने वाढवलेली दिसली तर ते चाक तेथेच बाद करावे.

ऑफसेट म्हणजे चाकाचा हबला टेकणारा भाग रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती दूर आहे ते अंतर. त्याच्या आकड्यांत अडकण्यापेक्षा स्वतःच्या गाडीचे रोस्टाइल चाक हेच प्रमाण मानावे. दोन्ही चाके पालथी ठेवून मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतचे अंतर मोजावे. दोन मापांतला फरक म्हणजे नवे चाक आत किंवा बाहेर किती सरकेल ते. आजच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या चाकांचा ऑफसेट बराच मोठा असतो. एमजीबीला तसे चाक लावल्यास ते आत ओढले जाते आणि मग स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी चकती, घालण्याचा सल्ला मिळतो. माझ्या मते स्पेसर लागणारे चाक हे चुकीचे चाक आहे. उलट चाक फार बाहेर आले तर स्टिअरिंग जड होते, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि खड्ड्यातून जाताना मागचा टायर चाकाच्या कमानीला घासतो. मागच्या बाजूला डावीकडची आणि उजवीकडची मोकळी जागा वेगवेगळी मोजावी, कारण अनेक एमजीबी गाड्यांत मागचा ॲक्सल बरोबर मध्यावर नसतो आणि पाट्यांच्या स्प्रिंगांवर तो वळणात थोडा आडवाही सरकतो.

यानंतर टायर न चढवता चाक गाडीला लावून पाहावे. पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर कणकेची छोटी गोळी चिकटवून चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवावे आणि दाबल्या गेलेल्या कणकेची जाडी मोजावी. ती किमान तीन मिलिमीटर असावी आणि आत चिकटवण्याच्या बॅलन्सिंगच्या वजनांची जाडी त्यात धरलेली नाही, हेही लक्षात ठेवावे. हबवरची ग्रीसची टोपी मधल्या छिद्रातून मोकळी बाहेर येते का, तेही याच वेळी दिसेल.

आता नट आणि स्टड. या विषयावर मी थोडा अधिक थांबतो, कारण चाक निखळण्याचा धोका येथेच असतो आणि नेमक्या याच भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एमजीबीचा स्टड अर्धा इंच जाड, इंचाला २० आट्यांचा, यूएनएफ (इंच मापाच्या बारीक आट्यांच्या) जातीचा आहे. टायरवाल्यांकडे सर्रास मिळणारे नट १२ मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांचे असतात. ते या स्टडवर चढत नाहीत, आणि मग ‘टॅप मारून देतो’, म्हणजे नटाच्या आत नवे आटे कापून देतो, असे सांगितले जाते. टॅप मारलेल्या नटात जुने आणि नवे आटे एकमेकांना कापतात आणि पकड निम्मीही उरत नाही; असा नट कदापि घेऊ नये. जुन्या विलिस जीपलाही अर्धा इंच २० आट्यांचेच स्टड असल्यामुळे आपल्याकडे हा आटा दुर्मीळ नाही, मात्र त्या जीपच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात आणि नटाची बैठक तुमच्या चाकाशी जुळेलच असे नाही.

बैठक म्हणजे नट चाकाला जेथे टेकतो तो भाग. अलॉय चाकांत ती साठ अंशांच्या शंकूची असते, काहींत गोलसर असते, तर काहींत सपाट असते आणि तेथे लांब दांड्याचा नट जाड वॉशरसह वापरावा लागतो. सपाट बैठकीवर शंकूचा नट आवळला तर तो केवळ कडेवर टेकतो, मऊ ॲल्युमिनियम दबत जाते आणि शेपन्नास किलोमीटरमध्ये नट सैल होतो. अलॉय व्हीलचा मधला भाग स्टीलच्या चाकापेक्षा कितीतरी जाड असल्यामुळे मूळ स्टड आखूड पडण्याची शक्यता मोठी आहे. स्टडच्या जाडीइतके आटे नटात गुंतलेच पाहिजेत, हा किमान नियम आहे. तुमच्या स्टडसाठी त्याचा अर्थ असा की नट हाताने आवळताना निदान दहा पूर्ण फेरे फिरला पाहिजे. कमी फिरत असेल तर लांब स्टड मागवून हबमध्ये दाबून बसवावे लागतील. स्थानिक लेथवर साध्या सळईतून स्टड बनवून घेऊ नयेत. माझे स्वतःचे लेथ असूनही मी ते करून देत नाही, कारण स्टडची ताकद त्याच्या पोलादात आणि उष्णता प्रक्रियेत असते व ती लेथवर मिळत नाही.

माप जुळले तर धातूची तपासणी करावी. चाक डिझेलने आणि मग साबणाने आतून-बाहेरून स्वच्छ धुवावे, आऱ्यांच्या मुळाशी, नटांच्या छिद्रांभोवती आणि आतल्या कडेवर तडे शोधावेत. डोळ्यांना न दिसणारे तडे डाय पेनेट्रंट चाचणीत दिसतात: लाल द्रव लावून काही मिनिटे मुरू द्यायचा, वरचा पुसून काढायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा, तडा असेल तेथे लाल रेघ उमटते. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे वेल्डिंगची अशी तपासणी करणारी माणसे नागपुरात आहेत, तेव्हा ही चाचणी येथे होऊ शकते. एक दक्षता घ्यावी की ही चाचणी जुना रंग उतरल्यावरच खरी ठरते, कारण रंगाखालच्या तड्यात द्रव शिरत नाही. आरीत किंवा हबजवळ तडा निघाला तर वेल्डिंगचा विचारही करू नये. ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकाला ताकद उष्णता प्रक्रियेने दिलेली असते आणि वेल्डिंगच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो. त्यानंतर चाक फिरवून डायल गेजने त्याची डुगडुग मोजावी. अर्धा मिलिमीटर चालेल; एक मिलिमीटरच्या पुढे गेल्यास हातोड्याने ठोकून सरळ करण्याऐवजी चाक बदलणे मला योग्य वाटते.

रंग उतरवणे आणि कोटिंग यांत स्थानिक कारागिराला आधीच स्पष्ट सूचना द्याव्या लागतील. आपल्याकडचे बहुतेक पावडर कोटिंगवाले लोखंडी ग्रिल, गेट आणि फर्निचरचे काम करतात आणि त्यांची सेव्हन टँक प्रक्रिया स्टीलसाठी मांडलेली असते. तिच्यात गंज काढण्याची ॲसिडची टाकी असते, आणि काही ठिकाणी जुना रंग काढण्यासाठी कॉस्टिकचीही असते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः विरघळवतो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ‘चाक कोणत्याही टाकीत बुडवायचे नाही’ हे शब्द लेखी द्यावेत. रंग पेंट रिमूव्हरने काढावा, हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. ब्लास्टिंग करायचेच असेल तर काचेच्या बारीक मण्यांनी, कमी दाबाने करावे. जाड रेतीने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि स्टील ग्रिटचे कण धातूत रुतून पुढे कोटिंगखाली गंजतात.

पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. चाकाच्या धातूच्या दृष्टीने हे तापमान मर्यादेजवळचे आहे, म्हणून कमी तापमानाला पिकणारी पावडर मागावी, चाक ओव्हनमध्ये तासन्‌तास ठेवू देऊ नये, आणि रंग पसंत पडला नाही म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भाजण्याची वेळ येऊ देऊ नये. नटांची बैठक आणि हबला टेकणारा भाग यांवर टेप लावून ते कोरे ठेवणे बंधनकारक समजावे, कारण तेथे पावडरीचा थर बसला तर तो पुढे दबतो आणि आवळलेला नट आपोआप ढिला होतो. मला स्वतःला या गाडीसाठी पावडरपेक्षा प्राइमरवर चांगला टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायचा) चंदेरी रंग अधिक आवडतो. तो भाजावा लागत नाही, पुढे तडा गेला तर लवकर दिसतो आणि दगड लागून उडालेला टवका घरी दुरुस्त करता येतो.

टायरबाबत तुमचे काम सोपे आहे. मूळ मापाच्या जवळचा १६५/८० आर १४ टायर स्विफ्ट आणि डिझायरमुळे आपल्याकडे सहज मिळतो. साडेपाच इंच रुंदीच्या रिमवर १८५/७० आर १४ अधिक शोभतो आणि त्याचा व्यास केवळ पाच मिलिमीटरने कमी भरतो. चाकांसोबत आलेले जुने टायर, नक्षी कितीही शिल्लक असली, तरी काढून टाकावेत. टायरच्या बाजूवरील चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात, त्यावरून वय कळेल. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीचे रबरही कडक होत जाते.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि हबच्या मधल्या उंचवट्यावर अँटी-सीझचा, म्हणजे धातू एकमेकांत जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा, अगदी पातळ हात द्यावा, परंतु आट्यांवर आणि नटाच्या बैठकीवर तेल किंवा ग्रीस लावू नये. नट हाताने पूर्ण फिरवून मग समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळावेत. एमजीबीच्या स्टीलच्या चाकांसाठी वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ६० ते ६५ पौंड-फूट, म्हणजे सुमारे ८१ ते ८८ न्यूटन-मीटर दिले आहेत. तुमच्या अलॉयसाठी चाकाच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. दुकानातील इम्पॅक्ट गन या नटांना लावू देऊ नये. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाके थंड असताना, सर्व नट पुन्हा तपासावेत. तोवर गाडी रिंग रोडवर मध्यम वेगात फिरवावी, समृद्धी महामार्गावर नेऊ नये.

हवेचा दाब पहाटे भरावा. मे महिन्यातल्या दुपारी पंचेचाळीस अंशांत भरलेला दाब डिसेंबरच्या पहाटे सुमारे चार पीएसआयने कमी दिसतो, आणि १६५च्या टायरसाठी मॅन्युअलमधील आकडे मुळातच पुढे २१ व मागे २४ इतके कमी असल्यामुळे हा फरक या गाडीत लगेच जाणवतो.

रोस्टाइल चाके मात्र विकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची गाडी त्या वयात आली आहे आणि तपासणीच्या दिवशी मूळ चाके गाडीवर असणे केव्हाही चांगले. तुमच्या अलॉयचा पीसीडी, मागच्या कडेपासूनचे अंतर आणि नटाच्या बैठकीचा जवळून घेतलेला फोटो येथे टाकलात, तर पुढचा खर्च करण्याजोगी ही चाके आहेत की नाहीत ते मी सांगू शकेन. नसतील तर एमजीबीच्या मापाची याच घाटाची नवी ॲल्युमिनियम चाके ब्रिटनमध्ये आजही मिळतात, आणि जुन्या सदोष चाकांच्या दुरुस्तीपेक्षा ती मागवणे मी पसंत करीन.