येतं सगळं, पण पेपरात गडबडतो

वर्गात सगळं येणारा विद्यार्थी पेपरात गडबडत असेल, तर आधी त्याचा तपासलेला पेपर घ्या आणि प्रत्येक मार्क कशामुळे गेला ते समासात लिहा. आलंच नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही? शिकवायला नवीन असताना ही पायरी गाळून थेट जादा सराव लादला जातो. 'कोणते विधान चूक आहे' यातला 'चूक' नजरेतून सुटला असेल, तर आणखी पन्नास गणितं सोडवून काय होणार?

मग सध्या एवढंच:

- पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवून लिहायला लावा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. वाचताना 'येतंय' वाटतं, तिथंच मुलं फसतात.
- घड्याळ लावून सराव, पण दहाच मिनिटं. पूर्ण पेपर नंतर.
- अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणं. हुशार मुलांना हेच जड जातं!

'तुला तर सगळं येतं, मग असं कसं?' हे मात्र टाळा. आपण धीर द्यायला म्हणतो, त्याला तो आरोप वाटतो. परीक्षेच्या नावानं झोप-जेवण बिघडत असेल तर घरच्यांशी आणि समुपदेशकाशी बोला. ते नुसत्या सरावानं सुटायचं नाही.