'वेलकम टू अवर फॅमिली' कुणी उघडतच नाही, काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते, घरी शेंगा चटणी नि कडक भाकरी करून विकते. पोरानं वेबसाइट करून दिलीय, तिथं ईमेल टाका आणि पहिल्या ऑर्डरवर १० टक्के सूट घ्या असं लिहिलंय, लोक टाकतात पण. शिवाय गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, स्टॉल लावला होता तेव्हा वहीत पण लई जणांनी मेल लिहून दिलेत. रोज रात्री कामं आवरली की बसून मी सगळ्यांना मेल पाठवायलेय, वर 'वेलकम टू अवर फॅमिली' आणि आत मस्त पोस्टर, त्यातच कूपन, फोटो, सगळं. तरी कूपन कुणी वापरत नाही, आणि भावजयीला पाठवला तर स्पॅममध्ये गेला! चुकतंय कुठं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ताई, तुमचा मेल मी मागवून घेतला आणि फोनवर उघडला, तर पोस्टरच्या जागी नुसती रिकामी चौकट आणि खाली 'चित्रं दाखवू का' असं विचारतंय. म्हणजे तुमचं कूपन, चटणी, भाकरी सगळं त्या चौकटीच्या आत अडकलेलं. चित्र दिसलं तरी त्यातला कोड सहज कॉपी होत नाही, बघून बघून टाइप करावा लागतो, एवढा खटाटोप कोण करणार. त्यामुळे कूपन साध्या अक्षरात लिहा, फोटो एखादा पुरे, चटणीचा, तो पण डब्यातला नको, भाकरीवर घेतलेला असू दे.

दुसरं म्हणजे वेळ. माणसानं दुपारी एक वाजता मेल टाकला तेव्हा त्याला चटणी खायची होती, कूपन रात्री साडेदहाला येतंय, तोवर त्याचं जेवण होऊन गेलं आणि तुम्ही कोण हे पण तो विसरला. हा पहिला मेल हातानं पाठवायचाच नाही. मेल पाठवणाऱ्या सर्व्हिस असतात, त्यात वेलकम ऑटोमेशन लावलं की फॉर्म भरल्याबरोबर मेल आपोआप जातो. फक्त प्लॅन घेताना आधी विचारा की यात ऑटोमेशन आहे का, नाहीतर पैसे भरून परत रात्रीच बसाल.

स्पॅमचं पोराला सांगा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम कडक केलेत, पाठवणाऱ्याच्या डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या नावाला, एसपीएफ किंवा डीकेआयएम लावलेलं हवं, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या या सेटिंग असतात (दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्क नावाची तिसरी पण). सर्व्हिसमधून पाठवताना आपला साधा जीमेलचा पत्ता पाठवणारा म्हणून टाकू नका, वेबसाइटच्या नावाचा पत्ता काढा. आणि रात्री सगळ्यांना एकदम 'टू' मध्ये टाकून पाठवत नाही ना हो? तसं असेल तर आजच बंद करा, प्रत्येकाला दुसऱ्याचा पत्ता दिसतोय.

आता मजकूर. 'वेलकम टू अवर फॅमिली' हे बँकवाले पण लिहितात, जिमवाले पण लिहितात. मागे मी एका दुकानातून पडदे घेतले, त्यांनी पण मला फॅमिलीत घेतलं आणि त्याच दिवशी चार मेल मारले, मी संध्याकाळपर्यंत फॅमिली सोडली! तुम्ही दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलता तसं लिहा. पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं स्वतःचं नाव, सब्जेक्टमध्ये 'तुमचं १० टक्क्यांचं कूपन आलंय' एवढंच, कारण फोनवर सुरुवातीचे चार-पाच शब्दच दिसतात. आणि आत असं काहीतरी :

'नमस्कार, मी सोलापूरहून. आत्ताच तुम्ही आमच्या साइटवर मेल टाकलात, त्याचं हे कूपन, महिनाभर चालेल. आमची चटणी उखळात कुटलेली असते, म्हणून तेल सुटलेलं दिसेल, ते शेंगदाण्याचंच आहे, वरून घातलेलं नाही. तुम्ही तिखट कमी खाता का झणझणीत? याच मेलला उत्तर द्या, तसा डबा लावून देते.'

खाली 'ऑर्डर करा' हे एकच बटण, फेसबुक इन्स्टाची रांग नको. तळाला पत्ता, एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा) १४ आकडी नंबर आणि अनसबस्क्राइबची, म्हणजे मेल बंद करायची लिंक. तेलाची ओळ मात्र काढू नका, बाहेरगावच्या माणसाला डबा उघडल्यावर पहिली शंका तीच येते. दोन-तीन दिवसांनी दुसरा मेल, कडक भाकरी आमटीत चुरून कशी खायची, चटणीत दही कधी घालायचं, त्यात विकायचं काही नाही. बास.

वहीतल्या लोकांना हा मेल पाठवू नका. त्यांनी 'आत्ताच' काही भरलेलं नाही, त्यांना वेगळा लिहा, 'गड्ड्याला आमच्या स्टॉलवर चटणी चाखून तुम्ही वहीत मेल लिहिला होता, पुढं मेल पाठवू का?' हो म्हणतील ते ठेवा, बाकीचे सोडा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा पण हेच म्हणतो, संमती घेऊन पाठवा आणि दिली तितक्याच सहज ती परत घेता आली पाहिजे. वही जर लकी ड्रॉसाठी म्हणून फिरवली असेल तर मग पाठवूच नका.

आणि किती जणांनी उघडला हा आकडा बघत बसू नका. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की माणसानं न उघडताच उघडला असं दिसू शकतं. कूपन किती वापरले आणि तिखटाचं उत्तर कितींनी दिलं, तेवढं मोजा.

प्रश्न : आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, नवीन गिऱ्हाइकाला पहिला मेल मराठीत पाठवावा का इंग्रजीत? (एक वाचक, अशोक चौक)

उत्तर : फॉर्म ज्या भाषेत भरून घेतला त्याच भाषेत. मराठी फॉर्म भरलेल्याला इंग्रजी मेल आला की तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो. कूपन कोड मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरीत एक जण 'सोलापुरी' टाइप करतो, दुसरा 'सोलापूरी', आणि दोघं मिळून तुम्हाला फोन करतात. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे हे जरूर लिहा, पण तुमची नोंदणी त्यात असेल तरच, नाहीतर पहिल्या धुण्यात पाणी किती गार हवं ते लिहा, ते जास्त कामाला येतं.